पडून असलेल्या डोमेन नावाचे काय करावे?

(हिंदूराव, दिल्ली परिसरातील मराठी बचतदारांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



आत येताना दोघा-तिघांनी विचारले, बचतीच्या मेळाव्यात हे इंटरनेटचे काय काढले? मुदत ठेव, आवर्ती ठेव, नामनिर्देशन हे विषय समजतात. डोमेन नाव हा काय आपला विषय आहे का? आहे. ज्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत कधी दुकानाची, क्लासची, मंडळाची वेबसाइट काढली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या कार्डातून दर वर्षी हजार-बाराशे रुपये अजून जात आहेत. दुकान बंद झाले, क्लास बंद झाला, मुलगा पुण्याला गेला, पण नाव चालू आहे. आणि ज्यांचे पैसे जात नाहीत, त्यांच्यातल्या काहींची अडचण याहून मोठी आहे. ते पुढे सांगतो.

आधी डोमेन नाव म्हणजे काय, ते थोडक्यात. अमुकतमुक डॉट कॉम किंवा डॉट इन असा जो पत्ता आपण टाइप करतो, तो पत्ता. वेबसाइट म्हणजे घर, डोमेन म्हणजे त्या घराचा पत्ता, असे समजा. डॉट इनची व्यवस्था निक्सी ही संस्था २००५ पासून पाहते, तिचे कार्यालय आपल्या दिल्लीतच आहे. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत असे नावही मिळते, मराठीतसुद्धा. आपण मात्र थेट निक्सीकडे जात नाही. मधे रजिस्ट्रार नावाची कंपनी असते, तिला पैसे भरतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. डोमेन नाव आपण 'विकत घेतले' असे म्हणतो, पण ते विकत घेतलेले नसते. ते भाड्याने घेतलेले असते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भाडे भरता येते. कायमचे नावावर करून घेता येत नाही.

आपण बसलो आहोत त्या भागाचेच बघा. हिंदूराव हे कागलकर घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्याचा रिजवरचा बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या लढाईत त्या बंगल्याभोवती तोफा धडाडल्या, त्याच्याही आधी हिंदूराव वारले होते. आज तिथे महापालिकेचे रुग्णालय आहे. मालकी गेली, वंशज कुठे असतील ते असोत, पण नाव राहिले. रिक्षावाल्याला कागल कुठे आहे ते माहीत नाही, हिंदूराव मात्र माहीत आहे. डोमेनचे बरोबर उलटे आहे. तिथे भाडे थांबले की नावच दुसऱ्याच्या हातात जाते, आणि तो दुसरा त्या नावामागे आपली कीर्ती घेऊन उभा राहतो.

आता उदाहरणासाठी एक घर धरू. करोलबागेत किंवा चांदणी चौकात आपले गलाईवाले आहेत, विटा-खानापूर भागातून आलेले, सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे. समजा अशाच एका दुकानदाराने दहा वर्षांपूर्वी भाच्याच्या सांगण्यावरून दुकानाच्या नावाने डॉट कॉम घेतले. पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपये लागले. दुसऱ्या वर्षीपासून पूर्ण दर. सोबत वेबसाइट ठेवायला होस्टिंग घेतले, त्याचे आणखी तीन हजार. दुकानाच्या नावाचा ईमेलही मिळाला. तो मोठा रुबाबाचा, म्हणून त्यांनी तोच बँकेत दिला, तोच म्युच्युअल फंडात, तोच जीएसटी आणि आयकराच्या पोर्टलवर. मग धंदा आवरला. आता ते गृहस्थ नाहीत. वहिनी घर चालवतात, भाचा म्हणतो, "मामी, नाव सोडू नका, लाखो रुपये येतील." कार्डातून पैसे जात आहेत. वहिनींनी काय करावे?

पहिला प्रश्न पैशांचा आहे, पण तो सोपा आहे म्हणून आधी उरकू. वर्षाला बाराशे म्हणजे महिन्याला शंभर रुपये. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिना शंभर रुपये भरले, तर ६.७ टक्के दराने पाच वर्षांत भरलेल्या ६,००० चे सुमारे ७,१३७ रुपये होतात. हा आकडा फार मोठा नाही, आणि केवळ एवढ्यासाठी घाईघाईने नाव सोडावे असे मी म्हणणार नाही. पण होस्टिंगचे तीन हजार? ते लगेच थांबवा. बऱ्याच जणांना वाटते की दोन्ही एकच आहेत. तसे नाही. घर पाडले तरी पत्ता ठेवता येतो. वेबसाइट कोणी पाहत नसेल, तर होस्टिंग बंद करून फक्त नाव चालू ठेवता येते. ईमेल मात्र त्याच होस्टिंगवर चालत असेल, तर आधी ईमेल दुसरीकडे वळवून घ्या आणि मगच बंद करा.

पैसे आपोआप कापले जात असतील, तर बँकेचा ई-मँडेट तपासा. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या अशा ठरावीक कपातीची सूचना बँकेने किमान चोवीस तास आधी दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना मोबाइलवर येते आणि आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू मँडेटची यादी असते. ती एकदा बघा. डोमेनच नव्हे, आणखीही काही सापडेल.

दुसरा प्रश्न, नाव खरोखर कोणाच्या नावावर आहे? हे विचारले की बहुतेकांकडे शांतता होते. दुकान मामांचे, पैसे मामांचे, पण नोंदणी भाच्याच्या ईमेलवर, किंवा ज्या पोराने वेबसाइट बनवली त्याच्या खात्यात. मग ते नाव कागदोपत्री आपले नाहीच. ठेवायचे की विकायचे हा विचार नंतर. आधी रजिस्ट्रारच्या खात्याचे लॉगिन आपल्या हातात घ्या, त्यात आपले नाव, आपला मोबाइल आणि आपला नेहमीचा ईमेल घाला. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. नाहीतर नाव बंद पडल्यावर ते परत मिळवायची सूचना बंद पडलेल्या पत्त्यावरच जाईल. घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावण्यातला प्रकार.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते. वहिनींनी वैतागून ठरवले, नको ते नाव, भरायचेच नाही. मग काय होते?

डॉट कॉमचे सांगतो. मुदत संपली की रजिस्ट्रार काही दिवस वाट पाहतो, हा काळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत असू शकतो, प्रत्येक कंपनीचे वेगळे. मग तीस दिवस असे येतात की नाव परत मिळते, पण नेहमीच्या दरापेक्षा कितीतरी जास्त दंड भरून. मग पाच दिवस काहीच करता येत नाही. आणि त्यानंतर ते नाव जगातल्या कोणालाही मोकळे. मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना रजिस्ट्रारने पाठवल्याच पाहिजेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या कुठल्या ईमेलवर जातात, ते वर आलेच. मोठ्यांचेही असे होते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट कंपनी पासपोर्ट डॉट कॉम या आपल्याच नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरले.

बँकेच्या खात्याशी ताडून बघा. दोन वर्षे खात्यात आपण व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. पण तरीही पैसे आपलेच राहतात. उद्गम पोर्टलवर शोधता येतात, वारसांना मागता येतात. डोमेनला उद्गम नाही. सुटले ते सुटले.

सुटले तर सुटले, असे कोणी म्हणेल. पण त्या नावावरचा ईमेल आठवा. बँकेत, फंडात, आयकरात तोच पत्ता दिलेला आहे. उद्या दुसऱ्या कोणी ते नाव हजार रुपयांत घेतले, तर त्या नावावरचे सगळे ईमेल पत्ते त्याचे झाले. त्यात काहीही बेकायदा नाही, त्याने फक्त मोकळे नाव घेतले. आता तो 'पासवर्ड विसरलो' असे बटण दाबेल, आणि पासवर्ड बदलण्याची चिठ्ठी त्याच्याकडे जाईल. फंडाचे खाते-पत्रक त्याच्याकडे जाईल. त्यावर फोलिओ क्रमांक, शिल्लक सगळे असते. मोबाइलवरच्या ओटीपीमुळे बँकेचे दार लगेच उघडणार नाही, हे खरे. पण ज्याला आपली शिल्लक, आपला फोलिओ आणि आपल्या विम्याची हप्त्याची तारीख माहीत आहे, त्याचा फोन आला तर आपण तो खरा मानतो की नाही? फसवणूक अशीच होते, कुलूप तोडून नाही.

म्हणून वहिनींना माझा सल्ला असा. नाव सोडायचे ठरले तरी ते आज सोडू नका. आणखी एक वर्षाचे बाराशे भरा. ही बाराशेची रक्कम वाया गेली असे समजू नका, तो विम्याचा हप्ता आहे. त्या वर्षात पहिल्याच आठवड्यात बँक, डिमॅट, म्युच्युअल फंड, आयुर्विमा, आयकर, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, रेल्वेचे तिकीट खाते, सगळीकडे साधा नेहमीचा ईमेल घाला. मग त्या जुन्या नावावर येणारी सगळी टपाल एका चालू पत्त्यावर वळवा आणि नुसते बघत राहा. मार्चमध्ये कोणीतरी कराचे पत्र पाठवेल, जूनमध्ये एखादा जुना शेअर लाभांशाची सूचना पाठवेल, दिवाळीला विसरलेल्या पॉलिसीची आठवण येईल. वर्षाचे चक्र पूर्ण झाल्याशिवाय कुठे कुठे पत्ता दिला होता ते कळत नाही. काही घरांत यातून विसरलेली गुंतवणूकही सापडते, हा वरचा फायदा. बारा महिन्यांत कामाचे एकही पत्र आले नाही, की मग आपोआप नूतनीकरण बंद करा.

मंडळांचे मात्र वेगळे आहे. गणेशोत्सव मंडळ, शिक्षण संस्था, ज्यांचे नाव वर्गणीच्या पावतीवर, अहवालावर छापलेले आहे, त्यांनी नाव सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वेबसाइट बंद असली तरी चालेल. कारण जुन्या अहवालातला पत्ता बघून कोणी देणगीदार तिथे गेला आणि तिथे दुसऱ्याच कोणाचा क्यूआर कोड असला, तर पैसे गेलेच, वर विश्वासही गेला. अशा सुटलेल्या नावांवर सट्ट्याच्या जाहिराती तर सर्रास दिसतात. वर्षाचा खर्च मंडळाच्या एका दिवसाच्या चहाइतका आहे. नाव सचिवांच्या नव्हे, संस्थेच्या नावावर हवे, आणि कार्यकारिणी बदलली की पासवर्डही सुपूर्द झाला पाहिजे, चेकबुकासारखा.

आता भाच्याच्या लाखो रुपयांकडे येऊ.

डोमेन विकून लोक श्रीमंत झाले हे खोटे नाही. पण ती नावे छोटी, एकाच शब्दाची, कोणत्याही धंद्याला चालणारी असतात. 'अमुक गलाई आणि सन्स' हे नाव जगात एकाच घराला हवे असते, आणि ते आपलेच घर असते. कोणी स्वतःहून विचारत आलेले नाही, तोवर त्याची किंमत शून्य धरावी. घराच्या हिशेबात ती मालमत्ता म्हणून लिहू नये.

आपल्या दिल्लीतलेच एक गाजलेले प्रकरण सांगतो. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार अशी चर्चा असताना, २०२३ मध्ये इथल्या एका अ‍ॅप बनवणाऱ्या तरुणाने जिओहॉटस्टार डॉट कॉम हे नाव घेऊन ठेवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्याच पानावर जाहीर लिहिले, की रिलायन्सने हे नाव घ्यावे आणि बदल्यात माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्यावा. कंपनीने पैसे द्यायचे नाकारले, कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. एकट्या मुलाने त्या कंपनीशी कोर्टात कुठे लढायचे? नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेले, त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ ला त्या नावाची सेवा सुरू झाली.

त्या तरुणाबद्दल मला सहानुभूती वाटते. शिकायची इच्छा होती, त्यात वाईट काय? पण हिशेब चुकीचा होता. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावावर बेतलेले डोमेन ही बचत नव्हे, ते वादाला दिलेले आमंत्रण आहे. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. डॉट इनसाठी तर वाद सोडवायची वेगळी लवाद पद्धतच आहे. तेव्हा कोणी म्हणाले, की मोठ्या कंपन्यांच्या नावासारखी पाच-पन्नास डोमेन घेऊन ठेवा, पाच वर्षांत दामदुप्पट, तर नमस्कार करून बाजूला व्हा.

आणि विकायला निघालात, की पहिल्यांदा गिऱ्हाईक येत नाही, ठग येतो. त्याच्या ईमेलचा नमुना ठरलेला आहे. "तुमचे नाव आम्हाला चार लाखांना हवे आहे, फक्त आधी एक मूल्यांकन प्रमाणपत्र काढून द्या." प्रमाणपत्राचे पाच-सात हजार आपण भरतो, मग चार लाखवाला नाहीसा होतो. दुसरा प्रकार नूतनीकरणाच्या खोट्या बिलाचा. आपल्या रजिस्ट्रारचे नाव वेगळे, बिलावरचे नाव वेगळे, पण 'आज शेवटचा दिवस' असे लाल अक्षरात. घाबरून पैसे भरले जातात. अशा चिठ्ठीतल्या लिंकवर जाऊच नका. रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉगिन करून मुदतीची तारीख बघा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, रक्कम पुढे सरकायच्या आत थांबवता येते.

खरा गिऱ्हाईक आलाच, तर व्यवहार त्रयस्थ एस्क्रो सेवेमार्फत करा, म्हणजे पैसे आधी तिसऱ्याकडे जमा आणि नाव गेल्यावर आपल्याकडे. एस्क्रोची लिंकही त्याने पाठवलेली वापरायची नाही, आपण शोधायची. नाव हस्तांतर करायला एक कोड लागतो. तो ओटीपीसारखाच समजा, पैसे सुरक्षित जमा झाल्याशिवाय कोणाला सांगायचा नाही. आलेली रक्कम कराच्या विवरणात दाखवावी लागते. कोणत्या सदराखाली, ते आपल्या सीएला विचारा.

जाता जाता बँकांचे. जुनी नावे पडून राहण्याचा प्रश्न आता त्यांच्यापुढेही आहे, आणि तो खातेदार म्हणून आपल्याला लागू आहे. १ एप्रिल २०२० ला ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली. दिल्लीत अनेकांकडे अजून तिची पासबुके आहेत, त्यावर जुना पत्ता आहे. आणि २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, सहकारी बँकांनाही, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या नावावर जायला सांगितले. हे नाव कोणालाही मिळत नाही, आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने उभारलेल्या संस्थेमार्फत फक्त बँकांनाच मिळते. ठगाला एखादे मिळतेजुळते डॉट कॉम घेता येते, डॉट बँक डॉट इन घेता येत नाही. म्हणून मोबाइलमध्ये किंवा वहीत बँकेचा जुना पत्ता लिहून ठेवला असेल, तर तो खोडा. नवा शाखेतून विचारून घ्या. शेवट 'डॉट बँक डॉट इन' असाच आहे ना, ते बघा. मधे बँक आणि इन हे शब्द आले पण शेवटी दुसरेच काही आले, तर ते पान बँकेचे नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की डोमेनला नामनिर्देशन करता येते का. बँकेसारखे करता येत नाही. खातेदार गेल्यावर वारसांनी रजिस्ट्रारला मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रे द्यावी लागतात, आणि प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. तोवर मुदतीचे दिवस चालूच असतात, ते कोणासाठी थांबत नाहीत. म्हणून मुदत ठेवींच्या पावत्या ज्या फाइलमध्ये आहेत, त्यातच एक कागद ठेवा. त्यावर डोमेनचे नाव, रजिस्ट्रार कोण, कोणत्या ईमेलने खाते उघडले, मुदत कधी संपते, आणि त्या नावाचा ईमेल कुठे कुठे दिला आहे, एवढे लिहा. पासवर्ड त्या कागदावर नको. मृत्युपत्र केले असेल तर त्यातही एक ओळ घालता येते.

ज्यांना आपल्या नावाची मुदत आत्ताच बघायची आहे, त्यांनी मोबाइल घेऊन पुढच्या टेबलाशी यावे. फक्त लॉगिन स्वतः करा, पासवर्ड मलाही सांगू नका.